सेटलमेंट झालं, तरी सिबिलमध्ये थकबाकी कशी?

वाचकाचं पत्र, थोडं आटोपून:

ताई, मी नाशिकला सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सहा महिने निम्मा पगार मिळाला आणि घर क्रेडिट कार्डावर चाललं. पुढे व्याजावर व्याज चढत १,८६,४०० रुपये झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये बँकेच्या वसुलीच्या माणसाने ७८,००० वर सेटलमेंट करून दिलं. २६,००० चे तीन हप्ते भरले. ‘झालं तुमचं काम’ असा त्याचा व्हॉट्सॲप आला, मी विसरून गेलो. आता पाथर्डी फाट्याला फ्लॅट बघितलाय, ५१,००० टोकन दिलंय, २५ लाखांचं होम लोन हवंय. बँकेने सिबिल काढलं आणि फाइल परत केली. स्कोअर ६११. कार्डापुढे ‘रिटन-ऑफ’, म्हणजे बुडीत खाती टाकलेलं, बाकी १,०८,४००. शिवाय नावही न ऐकलेल्या एका कंपनीचे १,४१,७३०. आणि जळगावातलं कुठलंसं मोबाइलचं १४,००० चं कर्ज, जे मी घेतलेलंच नाही. मेहुणा म्हणतो, सीबीएस बसस्थानकाजवळ एक जण पंधरा हजारांत ‘सिबिल क्लिअर’ करून देतो. बायको म्हणते, उरलेले लाखभर भरून टाका नि मोकळे व्हा. सेटलमेंटचं पत्र, पावत्या, रिपोर्ट सोबत जोडलेत. काय करू?

दादा,

मेहुण्याच्या त्या माणसाला पंधरा रुपयेही देऊ नका. वहिनींचं म्हणणं मात्र अगदीच चूक नाही, फक्त त्याची वेळ आत्ता नाही. त्यावर शेवटी येते.

निवृत्त होण्याआधी मी काही वर्षं बँकेच्या वसुली खात्यात काढली. तुम्हाला फोन करणारा तो माणूस ज्या टेबलावर बसतो, त्याच्या शेजारचंच टेबल समजा. त्यामुळे तुमचे कागद मी सवयीने वाचले, म्हणजे आधी तारखा आणि मग रक्कम. पहिल्या वाचनात तुमच्यासारखंच वाटलं, की बँकेचा गलथानपणा. दुसऱ्या वाचनात चहा गार झाला.

सेटलमेंटचं पत्र उघडा. हप्त्यांच्या तारखा २५ ऑगस्ट, २५ सप्टेंबर, २५ ऑक्टोबर. आता तिसरी पावती बघा. तिच्यावर २७ ऑक्टोबर आहे. त्या वर्षी २४ तारखेला लक्ष्मीपूजन होतं, २६ ला पाडवा आणि भाऊबीज. बोनस उशिरा झाला असेल, पाहुणे असतील, काहीही असेल. पण पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, की एखादा हप्ता ठरल्या तारखेला आला नाही तर ही सवलत आपोआप रद्द समजली जाईल आणि भरलेली रक्कम मूळ थकबाकीत वळती होईल.

आता एक वजाबाकी करा. १,८६,४०० वजा ७८,००० किती? १,०८,४००. रिपोर्टमध्ये बँकेने दाखवलेली बाकी पैशापर्यंत तेवढीच आहे. म्हणजे पैसे मिळाले नाहीत असं बँकेचं म्हणणं नाही, तिन्ही हप्ते तिने जमा करून घेतलेत. दोन दिवस उशीर झाला म्हणून कुणीतरी, बहुधा माणसाने नाही तर संगणकाने, सेटलमेंट मोडीत काढलं, सवलत उडवली आणि उरलेलं तुमच्या नावावर तसंच ठेवलं. मग ते खातं एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे बँकांची बुडीत कर्जं घाऊक भावात विकत घेणाऱ्या कंपनीला विकलं गेलं. नावही न ऐकलेली ती कंपनी हीच असणार. १,०८,४०० वर व्याज चढवून तिने १,४१,७३० केलेले दिसतात.

हे सगळं इतकं लांबण लावून का सांगतेय? कारण तुम्ही अर्जात ‘मी सर्व रक्कम वेळेवर भरली’ असं लिहून बसाल, बँक २७ तारखेची पावती पुढे करेल आणि तुमची बाकीची खरी तक्रारही त्याच्याबरोबर वाहून जाईल. वसुली खात्यात मी हे किती वेळा बघितलंय! माणूस शंभरातल्या नव्वद गोष्टी बरोबर सांगतो, एक लपवतो, आणि समोरचा नेमकी तीच धरून बसतो.

तेव्हा रिपोर्ट घ्या, हिरवं, लाल आणि निळं पेन घ्या, आणि ओळी वेगळ्या करा. धडधडीत खोटं असेल त्याला लाल, वादाचं असेल त्याला निळं, आणि खरं पण नकोसं असेल त्याला हिरवं. तिघांचे रस्ते वेगळे आहेत.

लाल सोपं आहे, तिथून सुरू करू. जळगावचं मोबाइलचं कर्ज तुमचं नाही. तुमचं नाव-आडनाव असं आहे, की खानदेशात दर गल्लीत एक सापडावा. त्यामुळे बहुधा नावाच्या गोंधळात दुसऱ्याचं खातं तुमच्या फाइलीत येऊन पडलंय. पण ‘बहुधा’वर थांबू नका. रिपोर्टच्या वैयक्तिक माहितीच्या भागात पॅन, जन्मतारीख, पत्ते, मोबाइल नंबर दिलेले असतात. तिथे न ओळखणारा पत्ता किंवा नंबर दिसतो का बघा. मग कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी विचारा, की हे कर्ज कोणत्या पॅनवर दिलंय. पॅन दुसऱ्याचं निघालं तर ती निव्वळ सरमिसळ, नोंद काढली जाईल. पॅन तुमचंच निघालं तर मामला वेगळा. कुणीतरी तुमच्या कागदांवर कर्ज उचललंय. मग त्याच दिवशी १९३० वर किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवायची आणि तिची प्रत पुढच्या प्रत्येक अर्जाला जोडायची.

दुसरं लाल म्हणजे एकच कर्ज दोनदा दिसणं. बँकेकडे १,०८,४०० आणि त्या कंपनीकडे १,४१,७३०, दोन्ही जिवंत. बेरीज अडीच लाखांच्या वर जाते. ज्या कार्डावर मुळात १,८६,४०० होते आणि ज्यातले ७८,००० तुम्ही भरलेत, त्याचे अडीच लाख! होम लोनच्या टेबलावरचा माणूस दोन वेगळे थकबाकीदार समजून फाइल मिटणारच. बँकेने खातं विकलं असेल तर तिने विकल्याचं दाखवून आपली बाकी शून्य करायला हवी, आणि विकलं नसेल तर दुसरी नोंद असायलाच नको. तुमचं सेटलमेंट टिकतं की मोडतं याच्याशी ह्या चुकीचा संबंध नाही. ती दोन्ही परिस्थितींत चूकच आहे, म्हणून ती स्वतंत्र मुद्दा म्हणून मांडा.

आता निळं, म्हणजे ते दोन दिवस. इथे तुमची बाजू लंगडी नाही, पण धडधाकटही नाही. तुमच्या बाजूने काय आहे? २७ तारखेला पैसे आले तेव्हा बँकेने ते निमूट घेतले. सेटलमेंट रद्द झाल्याचं पत्र, मेल, मेसेज काही आलं का? तुमच्या कागदांत तरी नाही. उलट बँकेचा म्हणवणारा माणूस ‘झालं तुमचं काम’ लिहितो. तो व्हॉट्सॲप तुमच्या जुन्या मोबाइलवर आहे आणि त्याची काच फुटलीय, असं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय. दादा, तो मोबाइल भंगारात देऊ नका! कॅनडा कॉर्नरला किंवा कुठेही नेऊन काच बदला, पण त्यातले मेसेज तारीख आणि नंबर दिसेल असे काढून ठेवा. सेटलमेंटच्या पत्राखालोखाल त्याची किंमत आहे. दुसरा कागद तुमच्या पगाराच्या बँकेतून आणा. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ चं शिक्क्यासह स्टेटमेंट, ज्यात तिन्ही हप्त्यांचे व्यवहार क्रमांक दिसतील. एजंटाने दिलेल्या पावतीवर बँक शंका घेऊ शकते, दुसऱ्या बँकेच्या स्टेटमेंटवर नाही.

अर्जात उशीर तुम्ही स्वतःच लिहा. साधारण असं: ‘तिसरा हप्ता दि. २५ ऐवजी दि. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी, दिवाळीच्या सुट्टीमुळे दोन दिवस उशिरा भरला. आपण तो कोणतीही हरकत न घेता स्वीकारला. तडजोड रद्द केल्याची कोणतीही सूचना मला आजतागायत मिळालेली नाही. आपल्या प्रतिनिधीने त्याच दिवशी तडजोड पूर्ण झाल्याचा संदेश पाठवला, त्याची प्रत सोबत आहे. तरी तडजोड पूर्ण झाल्याचे मान्य करून थकबाकी नसल्याचा दाखला द्यावा आणि खात्याची बाकी शून्य करून तशी माहिती सर्व पतमाहिती कंपन्यांना कळवावी. तडजोड रद्द केली असल्यास ती कोणत्या तारखेस व कोणत्या पत्राने केली, तसेच खाते हस्तांतरित केले असल्यास कोणत्या तारखेस, हे लेखी कळवावे.’ बस, एवढंच. लॉकडाउन, आजारपण, मुलांची फी, काही लिहू नका. वाचणाऱ्याच्या ढिगात तसे चाळीस अर्ज असतात आणि त्याला फक्त तारीख आणि आकडा हवा असतो. मराठीत लिहिलंत तरी चालेल, पण खाजगी बँकांचे हे विभाग बहुतेक वेळा दुसऱ्या राज्यात बसतात, त्यामुळे भाचीकडून इंग्रजी करून घेतलंत तर एक फेरी वाचेल.

हा अर्ज शाखेत देऊन पोच घ्या आणि बँकेच्या तक्रार निवारण विभागाला मेलही करा. कार्डाचा शाखेशी संबंध नाही असं काउंटरवर सांगतील. मग मेलवर भर द्या, पण तक्रार क्रमांक मिळेपर्यंत सोडू नका. पुढचं सगळं त्या क्रमांकावर आणि त्याच्या तारखेवर उभं आहे.

त्याच आठवड्यात दुसरी तक्रार पतमाहिती कंपन्यांकडे, म्हणजे सगळ्यांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे. आपण वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणायचो तसं झालंय, ‘सिबिल’ हे एका कंपनीचं नाव आहे. आपल्याकडे अशा चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. होम लोन देणारी बँक यातला कुठलाही रिपोर्ट काढू शकते. चौघींकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यांच्या स्वतःच्या साइटवरून, कुठल्या ॲपला पॅन-ओटीपी न देता. तुम्ही एकच काढलाय, उरलेले तीन काढा. एकीकडे दुरुस्त झालं आणि दुसरीकडे तसंच राहिलं, तर सहा महिन्यांनी पुन्हा इथेच याल. आपला रिपोर्ट आपण बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ती भीती सोडा.

साइटवर तक्रारीचा फॉर्म असतो. रिपोर्टच्या माथ्यावर एक कंट्रोल नंबर छापलेला असतो, तो हाताशी ठेवा. जळगावच्या कर्जापुढे ‘हे खातं माझं नाही’, दुहेरी नोंदीपुढे ‘डुप्लिकेट’, थकबाकीच्या आकड्यापुढे ‘चुकीची रक्कम’, अशी प्रत्येक ओळीची तक्रार वेगळी टाका. पैसे लागत नाहीत. पण ह्या कंपन्या स्वतःहून काहीही खोडत नाहीत, खोडू शकतही नाहीत. त्या फक्त बँकेला विचारतात, की ग्राहक असं म्हणतोय, खरं का? बँक ‘होय’ म्हणाली की दुरुस्ती होते. म्हणून तर सीबीएसवाला तुमच्याकडून पंधरा हजार घेऊन हाच फुकटचा फॉर्म भरणार, आणि शिवाय तुमचं पॅन, आधार, ओटीपी त्याच्या वहीत राहणार. विजेच्या खांबांवर ‘सिबिल खराब? चिंता नको’ असे कागद चिकटवणाऱ्यांचा सगळा धंदा एवढाच आहे. त्यांच्यातले काही जण खऱ्या नोंदीही ‘वादग्रस्त’ म्हणून टाकत राहतात. नोंदीपुढे तसा शेरा येतो, ग्राहकाला वाटतं काम झालं, बँकेचं उत्तर आलं की शेरा जातो आणि नोंद होती तशीच दिसते.

मुदतीचा नियम नीट लक्षात घ्या, कारण इथे तुमच्या हातात खरंच काहीतरी आहे. तक्रार नोंदवल्यापासून ३० दिवसांत तिचा निकाल लागायला हवा, त्यातले २१ दिवस बँकेचे, उरलेले पतमाहिती कंपनीचे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेला आणि २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालेला नियम सांगतो, की ३० दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये ग्राहकाला द्यायचे, ज्याच्याकडून उशीर झाला त्याने. तक्रार निकाली निघाल्यावर पाच कामाच्या दिवसांत ते तुमच्या खात्यात यायला हवेत. स्कोअर कसा काढला यावरच्या भांडणाला हा नियम लागू नाही, चुकीच्या माहितीला आहे. शंभर रुपयांनी कुणी श्रीमंत होत नाही, पण मी आतून बघितलंय, ज्या फाइलीवर दिवसाला दंडाचं मीटर चालू असतं ती ढिगातून आपोआप वर येते. म्हणून अर्जात शेवटी एक ओळ टाकायची: ‘३० दिवसांनंतरच्या विलंबासाठी नियमाप्रमाणे भरपाई मागण्याचा माझा हक्क राखून ठेवत आहे.’

क्रेडिट कार्डासाठी आणखी एक नियम आहे. थकबाकीदार म्हणून कळवलेल्या ग्राहकाने पुढे देणं मिटवलं, तर मिटवल्यापासून ३० दिवसांत बँकेने त्याची स्थिती अद्ययावत करायची. तुमचं सेटलमेंट वैध ठरलं तर नोव्हेंबर २०२२ अखेरच हे व्हायला हवं होतं.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा ‘आमच्या नोंदी बरोबर आहेत’ असं एका ओळीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायचं. सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन या पोर्टलवर तक्रार होते, फी नाही, वकील लागत नाही. पतमाहिती कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत, म्हणजे दोघांविरुद्ध जाता येतं. अडलं तर १४४४८ वर फोन करून विचारा. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, नाहीतर पहिल्याच पायरीवर परत पाठवतात, आणि बँकेच्या उत्तरानंतर ठरलेल्या मुदतीच्या आत जायला हवं.

मध्येच त्या दुसऱ्या कंपनीचे फोन सुरू होतील, कारण तुम्ही अर्ज केलात की तुमचा नवा नंबर त्यांच्या हाती लागेल. ‘साहेब, आत्ता पाच हजार टाका, नोंद थांबवतो’ असं गोड बोलतील. एक रुपयाही टाकू नका, व्हॉट्सॲपवर ‘बघतो, भरतो’ असंही लिहू नका. जुन्या कर्जाची दावा करण्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि मुदतीतली लेखी कबुली किंवा अर्धवट भरणा तिला पुन्हा नव्याने सुरू करू शकतो. एवढंच उत्तर द्या: ‘रक्कम वादात आहे. बँकेकडे अमुक क्रमांकाची तक्रार चालू आहे. जे सांगायचं ते लेखी पाठवा.’ आणि त्यांनाही एक मेल करा, खातं कोणत्या तारखेला विकत घेतलं ते विचारणारा. ती तारीख महत्त्वाची आहे. तडजोडीचे पैसे पूर्ण घेतल्यानंतर बँकेने खातं विकलं असेल, तर लोकपालापुढे बँकेला याचं उत्तर द्यावं लागेल.

राहिलं हिरवं. इथे तुम्हाला आवडणार नाही असं बोलते.

समजा सगळं तुमच्या मनासारखं झालं. बँकेने सेटलमेंट मान्य केलं, बाकी शून्य, दुसरी नोंद गेली, जळगाव गेलं. तरी त्या कार्डापुढे ‘सेटल्ड’ किंवा ‘पोस्ट रिटन-ऑफ सेटल्ड’ असा शब्द राहणार. ‘क्लोज्ड’ होणार नाही. आणि ती चूक नाही दादा. १,८६,४०० च्या जागी ७८,००० दिले, बँकेने उरलेलं सोडलं, हे खरं आहे, आणि तो शब्द तेवढंच सांगतो. २०२२ आधीच्या महिन्यांपुढे उशिराचे जे दिवस दिसतील तेही खरेच. त्यांच्यावर तक्रार टाकू नका, कारण खरी नोंद खोडायला गेलात की लाल ओळींवरचा तुमचा विश्वासार्हपणा कमी होतो. सेटलमेंट करताना त्या माणसाने हे सांगितलं नसणार. आम्हीही सांगायचो नाही. विचारलं तरच सांगायचं, असा खात्यात अलिखित रिवाज होता, आणि विचारायचं सुचेल अशा अवस्थेत समोरचा माणूस बहुतेक नसायचाच. त्यातले काही चेहरे अजून डोळ्यांसमोर येतात.

सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते असं व्हॉट्सॲपवर फिरतं, त्यावरही विसंबू नका. नियमातली सात वर्षं ही नोंद कमीत कमी जपायची मुदत आहे.

आता वहिनींचा मुद्दा. उरलेले १,०८,४०० भरून ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ करून घेता येतं. बँका ते स्वीकारतात, आणि घरकर्ज देणारे काही जण तशी अटही घालतात. हिशोब असा करा: २५ लाख, वीस वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे २१,७०० येतो, साडेनऊ टक्क्यांनी सुमारे २३,३००. महिन्याला सोळाशेचा फरक, वीस वर्षांत पावणेचार लाखांहून जास्त. तेव्हा खराब शेऱ्यामुळे एक टक्का जास्त व्याज पडणार असेल किंवा कर्जच मिळणार नसेल, तर लाखभर भरणं मूर्खपणा नाही. पण आत्ता भरलंत तर ते कुणाला भरणार? बँक म्हणते १,०८,४००, दुसरी कंपनी म्हणते १,४१,७३०. एकीला भरलंत तर दुसरी दारात उभी. म्हणून आधी खातं कोणाचं आणि आकडा किती हे लेखी ठरू द्या. मग होम लोनवाल्या बँकेला विचारा, की ‘सेटल्ड’ आणि शून्य बाकी असं दिसलं तर कर्ज द्याल का, कोणत्या दराने? काही बँका देतात, दर थोडा चढा लावून. त्यांचं ‘नाही’च आलं, तरच भरायचा विचार. आणि तेव्हाही ‘ही रक्कम मिळाल्यावर खातं क्लोज्ड म्हणून कळवू’ असं पत्र हातात आल्याशिवाय नाही, भरणा थेट खात्यात आणि ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी. यंदा दिवाळी आडवी येऊ देऊ नका.

तोवर आणखी चार बँकांत अर्ज टाकू नका. कर्जासाठीची प्रत्येक चौकशी रिपोर्टात नोंदली जाते आणि पैशासाठी वणवण चाललीय असं चित्र तयार होतं. बिल्डरला आज एक मेल करा, की कर्ज मंजुरीला दोन-तीन महिने लागतील, टोकनची मुदत वाढवून द्यावी. तो ‘अजून पाच लाख टाका, फ्लॅट धरून ठेवतो’ म्हणाला तर लक्षात ठेवा, नोंदणीकृत करारनाम्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. आणि ती भरायला पतसंस्थेतून किंवा ॲपवरून कर्ज काढायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

दुरुस्ती झाली की ती दिसायला पूर्वीइतका वेळ लागत नाही, जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते. स्कोअर ६११ वरून किती होईल हा आकडा मला विचारू नका, कुणी छातीठोक सांगितला तर तो सीबीएसचाच भाऊबंद समजा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत पगाराच्या बँकेतून स्टेटमेंट आणा, मोबाइलची काच बदलायला टाका आणि रात्री जळगावच्या कर्जाचं पॅन विचारणारा मेल करा. पॅन तुमचं निघालं तर पुढच्या पत्राची वाट न बघता आधी १९३० लावा, मला नंतर कळवलंत तरी चालेल.